कॅमेऱ्यातून थेट दूरच्या साठवणीत : वाचकांचे प्रश्न

कॅमेऱ्यातले फोटो वायर न लावता क्लाउडवर, ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर किंवा घरच्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीवर) कसे पोचवायचे, यावरचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेक पत्रांत तक्रार एकच असते, ‘फोटो जात नाहीत’. पण हा प्रवास दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा कॅमेऱ्यापासून फोन किंवा राउटरपर्यंत, दुसरा तिथून साठवणीपर्यंत. कुठला टप्पा अडला हे कळल्याशिवाय सेटिंग बदलत बसू नका.

प्रश्न : लग्नाचे फोटो काढतो. कॅमेरा कॅननचा ईओएस आर६. मुहूर्त आटोपेपर्यंत निवडक फोटो नवरा-नवरीच्या गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये पडावेत, अशी मागणी हल्ली होते. कॅमेरा थेट ड्राइव्हवर पाठवू शकतो का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : थेट नाही. कॅमेरा एफटीपी (नेटवर्कवरून फाइली पाठवायची जुनी पद्धत) बोलतो आणि ड्राइव्हला एफटीपी कळत नाही, त्यामुळे मध्ये कुणीतरी लागतेच. तुमच्यापुढे तीन वाटा आहेत.

पहिली वाट फोनची. कॅननच्या कॅमेरा कनेक्ट ॲपने फोटो फोनवर घ्यायचे आणि फोनवरून ड्राइव्हवर चढवायचे. पाच-पंचवीस फोटोंना ही वाट पुरते. यात एक खोच आहे. कॅमेऱ्याच्या वायफायला इंटरनेट नसते, म्हणून बरेच अँड्रॉइड फोन ‘या नेटवर्कला इंटरनेट नाही’ म्हणत आपणहून मोबाइल डेटावर उडी मारतात आणि कॅमेऱ्याशी जोडणी तुटते. वायफायच्या प्रगत सेटिंगमध्ये ही आपोआप बदलाची सोय बंद करा. आयफोनवर ॲपला ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी दिली आहे ना, तेही पाहा. ती नाकारलेली असेल तर जोडणी झालेली दिसते, पण फोटोंची यादीच येत नाही.

दुसरी वाट इमेज.कॅनन या सेवेची. ही २०२० साली सुरू झाली. कॅमेरा एकदा खात्याशी जोडला की ओळखीचे वायफाय मिळताच तो मूळ फाइली आपणहून वर पाठवतो आणि सेवा त्या पुढे गूगल ड्राइव्हकडे ढकलते. फोन मध्ये लागत नाही. मात्र मूळ फाइल तिथे ३० दिवसच राहते, नंतर पुसली जाते. ही जागा टपालपेटीसारखी वापरा, कपाटासारखी नाही. ‘ड्राइव्हकडे पाठव’ हे सेटिंग सुरू आहे का, हे लग्नाच्या आदल्या दिवशी एक फोटो काढून तपासा. ड्राइव्ह भरलेला असेल तरी पुढची पाठवणी थांबते. गूगलची फुकट जागा १५ जीबी असते, ती ड्राइव्ह, जीमेल आणि गूगल फोटोज मिळून. नवरदेवाच्या मेलला जोडलेल्या जुन्या फाइलींनी त्यातलीच जागा खाल्लेली असते, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

तिसरी वाट एफटीपीची. तुमच्या कॅमेऱ्यात ती आहे. फाइली हॉलमध्ये ठेवलेल्या लॅपटॉपवर येतात आणि लॅपटॉपवरचे ड्राइव्हचे सॉफ्टवेअर तेच फोल्डर वर चढवते. दिवसभराच्या कामाला आम्ही हीच वाट सुचवू. हॉलचे इंटरनेट गेले तरी फोटो लॅपटॉपपर्यंत येत राहतात आणि नेट आल्यावर उरलेले वर जातात.

कुठलीही वाट घ्या, आधी हिशोब करा. २४ मेगापिक्सेलचा बऱ्या दर्जाचा जेपेग सुमारे १० एमबीचा असतो, म्हणजे ८० मेगाबिट. हॉलमध्ये अपलोडचा वेग १० एमबीपीएस (सेकंदाला १० मेगाबिट) असेल तर एका फोटोला ८ सेकंद, ३०० फोटोंना ४० मिनिटे. तेच रॉ (कॅमेऱ्याची न दाबलेली कच्ची फाइल) पाठवायला गेलात तर फाइल ३० एमबीच्या आसपास आणि वेळ दोन तास. वेगाची चाचणी घेताना लोक डाउनलोडचा आकडा बघतात. इथे अपलोडचाच लागतो. म्हणून रॉ कार्डवर राहू द्या, पाठवायला जेपेग. रॉ अधिक जेपेग काढत असाल तर एफटीपीच्या सेटिंगमध्ये ‘फक्त जेपेग पाठवा’ हा पर्याय निवडा.

प्रश्न : निकॉनचे स्नॅपब्रिज ॲप वापरते. फोटो आपोआप फोनवर येतात आणि तिथून गूगल फोटोजवर जातात. त्यातला एक १२ बाय १८ इंचांचा छापून घेतला तर चेहरे फुटलेले आले. कॅमेरा बिघडला का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : कॅमेरा उत्तम आहे. स्नॅपब्रिज आपोआप पाठवते ती २ मेगापिक्सेलची छोटी प्रत, १६२० बाय १०८० पिक्सेलची. ब्लूटूथच्या बारीक वाटेने जाण्याजोगी तेवढीच असते. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ती छापली तर साडेपाच बाय साडेतीन इंचांपर्यंतच नीट दिसेल. तुमच्या मापाला ५४०० बाय ३६०० पिक्सेल हवेत. मूळ फाइल हवी असेल तर ॲपमधून तो फोटो निवडून वायफायने मूळ आकारात घ्यावा लागतो, किंवा कार्ड काढून वाचावे लागते.

मोठा धोका पुढेच आहे. गूगल फोटोजवर ‘सगळे फोटो आहेत’ असे समजून कार्ड पुसले जाते आणि हाती उरतात त्या छोट्या प्रती. तुमचे जुने फोटो आत्ताच उघडून माप तपासा. गूगल फोटोजचा ‘स्टोरेज सेव्हर’ पर्यायही १६ मेगापिक्सेलच्या वरचे फोटो लहान करतो. जपून ठेवायचे असतील तर ‘ओरिजिनल क्वालिटी’ ठेवा.

नवीन निकॉन घेणार असाल तर २०२४ मध्ये झेड६-३ या कॅमेऱ्यासोबत आलेली निकॉन इमेजिंग क्लाउड ही सेवा पाहा. त्यात कॅमेरा घरच्या राउटरवरून थेट पाठवतो आणि सेवा ते फोटो गूगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सकडे देते.

प्रश्न : आमचा स्टुडिओ आहे. मैदानावरून स्टुडिओतल्या विंडोजच्या कॉम्प्युटरवर एफटीपीने फोटो आणायचे आहेत. सर्व्हर बसवला, कॅमेऱ्याने जोडणी झाल्याचे दाखवले, पण फोल्डरमध्ये फाइलचे नाव उमटते आणि फाइल शून्य बाइटची. कधी एरर ४१ येतो, कधी ४६. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : शून्य बाइटची फाइल ही एफटीपीची ठरलेली खूण आहे. एफटीपी दोन जोडण्या वापरते. पोर्ट २१ वर, म्हणजे कॉम्प्युटरच्या २१ क्रमांकाच्या दारावर, फक्त बोलणे होते : नाव, पासवर्ड, ‘ही फाइल घे’. फाइल स्वतः दुसऱ्या पोर्टने जाते. बोलणे झाले, दुसरे दार मात्र फायरवॉलने (बाहेरच्या जोडण्या रोखणाऱ्या पहारेकऱ्याने) अडवले, की नाव उमटते आणि आत काही नसते. कॅननच्या यादीत ४६ म्हणजे फाइल पाठवताना सर्व्हरकडून आलेली चूक. ४१ म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचताच आले नाही. ४५ दिसला तर नाव किंवा पासवर्ड चुकला. म्हणजे ४६ दिसणे हे एका अर्थी प्रगतीचे लक्षण.

आधी सगळे स्टुडिओच्या आतच चालवून पाहा, मैदान नंतर.

राउटरमध्ये कॉम्प्युटरचा पत्ता कायमचा बांधून द्या, समजा १९२.१६८.१.५०. हे केले नाही तर वीज जाऊन आली की पत्ता बदलतो आणि कॅमेरा जुन्याच दारावर टकटक करत बसतो. अधूनमधून येणाऱ्या ४१ मागे बहुधा हेच असते. फाइलझिला सर्व्हरमध्ये (कॉम्प्युटरवरचे एफटीपीचे सॉफ्टवेअर) कॅमेऱ्यासाठी वेगळा वापरकर्ता काढा. त्याला एकच फोल्डर द्या, लिहिण्याच्या परवानगीसकट. परवानगी फक्त वाचण्याची राहून जाणे ही नेहमीची चूक. पासवर्ड इंग्रजी अक्षरे आणि आकडे एवढाच ठेवा, कारण कॅमेऱ्याच्या इवल्या कीबोर्डवर चिन्हे शोधता शोधता चुका होतात.

मग पॅसिव्ह मोडसाठी (यात फाइलचे दुसरे पोर्ट सर्व्हर सांगतो) पोर्टची ठरावीक पट्टी द्या, उदाहरणार्थ ५०००० ते ५००२०. विंडोजच्या फायरवॉलमध्ये २१ आणि ही पट्टी, दोन्हींना आत येऊ द्या. तुमचे शून्य बाइटचे दुखणे इथेच असणार. कॅमेऱ्यात सर्व्हरचा पत्ता, पोर्ट २१, पॅसिव्ह मोड सुरू, प्रॉक्सी बंद, नाव, पासवर्ड, फोल्डर भरा. कॅमेऱ्याने पाठवण्याआधी फोनवरच्या एखाद्या एफटीपी ॲपने त्याच वापरकर्त्याच्या नावाने एक फोटो चढवून बघा. फोनवरून जातो पण कॅमेऱ्यातून जात नाही असे झाले तर सर्व्हरकडे पुन्हा बघायची गरज नाही. कॅमेरा राउटरच्या ‘गेस्ट’ वायफायवर असेल तर तो कॉम्प्युटरला पाहूच शकत नाही. पाहुण्यांना आतली उपकरणे दिसू नयेत यासाठीच ते नेटवर्क असते.

आतले चालले की बाहेरचे. राउटरमध्ये २१ आणि ५०००० ते ५००२० हे पोर्ट १९२.१६८.१.५० कडे वळवा. फाइलझिलाच्या पॅसिव्ह सेटिंगमध्ये तुमचा बाहेरचा, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता भरा. हे पाऊल निम्मे लोक विसरतात. ते राहिले की सर्व्हर मैदानावरच्या कॅमेऱ्याला ‘फाइल १९२.१६८.१.५० वर दे’ असे सांगू शकतो. तो पत्ता स्टुडिओच्या भिंतींच्या आतच चालतो, म्हणून पुन्हा शून्य बाइट.

साध्या एफटीपीत पासवर्ड उघडा जातो. स्टुडिओच्या आत ते चालेल, इंटरनेटवर नको. कॅमेऱ्यात एफटीपीएस (एफटीपीचाच कुलूपबंद प्रकार) असेल तर तेच वापरा. त्यासाठी सर्व्हरच्या प्रमाणपत्राचे मूळ प्रमाणपत्र कार्डाच्या सर्वांत वरच्या फोल्डरमध्ये ठेवून कॅमेऱ्यात भरावे लागते. कॅनन ‘रूट’ नावाची फाइल शोधतो, सोनी ‘कॅसर्ट’ नावाची. नाव एका अक्षराने चुकले तरी कॅमेरा ‘फाइल नाही’ म्हणतो. सगळे बरोबर असून प्रमाणपत्र नाकारले जात असेल तर कॅमेऱ्याची तारीख बघा. बरेच दिवस पडून राहिलेल्या कॅमेऱ्याचे घड्याळ मागे गेलेले असते आणि त्याच्या लेखी प्रमाणपत्र अजून सुरूच झालेले नसते.

दोन कॅमेरे एकाच फोल्डरमध्ये पाठवणार असाल तर फाइलच्या नावाची पहिली चार अक्षरे दोन्हींत वेगळी ठेवा. नाहीतर दोघांचाही ०००३ क्रमांकाचा फोटो एकाच नावाने येतो. कॅननमध्ये ‘त्याच नावाची फाइल पुसून लिही’ हे सेटिंग बंद असेल तर दुसरी फाइल शेवटी _१ लावून ठेवली जाते. सुरू असेल तर पहिली गेली.

प्रश्न : नेदरलँड्समध्ये राहतो. सिनॉलॉजीचा नॅस कोल्हापूरला आई-वडिलांच्या घरी आहे. वरच्यासारखे पोर्ट वळवले, तरी बाहेरून काहीच पोचत नाही. (एक वाचक, आइंडहोवन)

उत्तर : घरी कुणाला तरी राउटरच्या पानावर वॅन (इंटरनेटच्या बाजूचा) म्हणून लिहिलेला पत्ता वाचायला सांगा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर त्या घराला स्वतःचा सार्वजनिक पत्ताच नाही. कंपनीने एक पत्ता अनेक घरांत वाटला आहे. मग पोर्ट वळवून उपयोग नाही, कारण खरे दार कंपनीच्या ताब्यात आहे. भारतात घरगुती ब्रॉडबँडवर हे सर्रास आढळते. पत्ता त्या पट्टीत नसला, तरी इंटरनेटवर ‘माझा पत्ता’ विचारून दोन्ही आकडे जुळतात का ते पाहा. जुळले नाहीत तर मध्ये आणखी एक राउटर आहे, बहुधा कंपनीचे फायबरचे खोके आणि तुमचा स्वतःचा राउटर एकामागे एक.

उपाय दोन. कंपनीकडून जादा पैसे भरून स्थिर पत्ता घ्या. किंवा नॅसवर टेलस्केल बसवा, म्हणजे दूरची उपकरणे एका खासगी जाळ्यात जोडणारे सॉफ्टवेअर. त्याला आत येणारे पोर्ट लागत नाही. कॅमेऱ्यात मात्र टेलस्केल चालत नाही. तेव्हा कॅमेऱ्याने आइंडहोवनच्या घरातल्या लॅपटॉपवर एफटीपीने द्यायचे आणि लॅपटॉपने टेलस्केलमधून कोल्हापूरला. दुसरा टप्पा रात्रभर चालला तरी बिघडत नाही.

आणि सिनॉलॉजीवर एफटीपी मुळात बंदच असते. ‘फाइल सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ते सुरू केले आहे ना, तेही बघा.

प्रश्न : माझ्या कॅमेऱ्याला आयफोनचा हॉटस्पॉट दिसतच नाही. मित्राच्या जुन्या फोनचा दिसतो. (एक वाचक, पणजी)

उत्तर : आयफोन १२ आणि त्यानंतरचे फोन हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर देतात आणि बऱ्याच कॅमेऱ्यांना फक्त २.४ कळते. हॉटस्पॉटच्या पानावर ‘मॅक्सिमाइझ कंपॅटिबिलिटी’ सुरू करा. कॅमेरा शोधत असेपर्यंत ते पान उघडेच ठेवा. अँड्रॉइडवर हाच बदल बँड निवडून होतो. तिथे वायफायच्या सुरक्षेचा प्रकार नुसता डब्ल्यूपीए३ (नवा) असेल तर डब्ल्यूपीए२ (जुना) करा; जुन्या कॅमेऱ्यांना नाव दिसते, पण पासवर्ड बरोबर असूनही ते आत शिरत नाहीत.

हॉटेलच्या वायफायवर प्रयत्न करू नका. तिथे खोली क्रमांक विचारणारे पान उघडते आणि ते भरायला कॅमेऱ्यात ब्राउझर नसतो.

प्रश्न : जुन्या सामानात आय-फायचे वायफायवाले एसडी कार्ड आणि तोशिबाचे फ्लॅशएअर सापडले. माझ्या कॅमेऱ्यात वायफाय नाही. यांचा उपयोग होईल का? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : आय-फायची कार्डे २००७ मध्ये आली तेव्हा नवल होते. पण एक्स२ आणि त्याआधीची कार्डे कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून होती आणि १६ सप्टेंबर २०१६ रोजी त्यांचा आधार बंद झाला. साधे कार्ड म्हणून वापरा. आय-फायचेच मोबी नावाचे कार्ड असेल तर ते थेट फोनशी बोलते, त्याची धाव फोनपर्यंतच.

फ्लॅशएअरचे तसे नाही. त्याची सगळी रचना कार्डावरच्या एसडी_डब्ल्यूलॅन या लपलेल्या फोल्डरातल्या कॉन्फिग नावाच्या फाइलीत असते. कॉम्प्युटरवर ती साध्या नोटपॅडमध्ये उघडा. ‘ॲपमोड’पुढे ४ म्हणजे कार्ड स्वतःचे वायफाय देते, ५ म्हणजे ते तुमच्या राउटरला जोडते. ५ करून राउटरचे नाव आणि पासवर्ड लिहा, कार्ड काढून पुन्हा घाला. डब्ल्यू-०३ आणि डब्ल्यू-०४ या पिढ्यांत लुआ या भाषेत लिहिलेली छोटी स्क्रिप्ट (आज्ञांची फाइल) चालते आणि तिला एफटीपी करता येते, म्हणजे तुमचा वायफाय नसलेला कॅमेराही नॅसवर फोटो टाकू शकेल. फक्त २.४ गिगाहर्ट्झवर, आणि सावकाश. कॅमेऱ्याची ‘आपोआप बंद होण्याची’ वेळ वाढवा. कार्डाला वीज कॅमेऱ्याकडूनच मिळते आणि कॅमेऱ्याला कार्ड काही पाठवते आहे याचा पत्ता नसतो. तो मधेच झोपला की फाइल अर्धी राहते.

प्रश्न : वर्तमानपत्रासाठी विसर्जनाचे फोटो काढतो. लालबागला किंवा गिरगाव चौपाटीवर फोनला पूर्ण दांड्या दिसतात आणि एक फोटो जायला दहा मिनिटे. (एक वाचक, मुंबई)

उत्तर : दांड्या फक्त सिग्नलची ताकद दाखवतात, टॉवरवर किती गर्दी आहे ते नाही. विसर्जनाच्या गर्दीत प्रत्येक जण व्हिडिओ वर चढवत असतो आणि अपलोडची वाट डाउनलोडपेक्षा आधीच अरुंद. तिथे कॅमेऱ्याचे कुठलेही सेटिंग वेग वाढवणार नाही. पाठवायचे वजनच कमी करावे लागते.

‘काढला की पाठव’ हे बंद करा. कॅमेऱ्यातच फोटो निवडून फक्त तेवढेच रांगेत टाका. लांब बाजू २००० पिक्सेलपर्यंत उतरवलेला जेपेग साधारण एक एमबीच्या आत बसतो, आणि दैनिकाच्या आतल्या पानाला व वेबला तो पुरतो. पहिल्या पानाचा एखादाच पूर्ण आकारात. लहान करायची सोय कॅमेऱ्यात नसेल तर दुसऱ्या कार्डावर छोटा जेपेग लिहायला लावा आणि एफटीपीला त्याच कार्डातून पाठवायला सांगा.

सोनीवाल्यांनी फोटोओळी आधीच साच्यात भरून ठेवाव्यात. ‘ट्रान्सफर अँड टॅगिंग’ ॲप त्या पाठवतानाच फाइलीत घालते, म्हणजे डेस्कवरून ‘हा कुठला मंडप?’ असे फोन येत नाहीत.

दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमे ठेवा, एकाच कंपनीची दोन नाही. सर्वांत खात्रीची वाट मात्र फायबरच्या इंटरनेटची आहे. वाटेवरच्या ओळखीच्या दुकानात किंवा मंडळाच्या कार्यालयात फायबर असेल तर तिथल्या वायफायचे नाव-पासवर्ड आदल्या दिवशीच कॅमेऱ्यात दुसऱ्या क्रमांकावर साठवा. पंधरा मिनिटे तिथे टेकलात की रांग रिकामी होते. फाइल जात असताना कार्डाचे झाकण उघडू नका. कॅमेरा बंद करून सुरू केला तर बहुतेक मॉडेल उरलेली रांग पुढे चालवतात, पण कार्ड बदलले की ती तुटते.

प्रश्न : कॅमेरा ‘सगळे पाठवले’ असे दाखवतो. कार्ड फॉरमॅट केले तर चालेल का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : लगेच नाही. कॅमेऱ्याची ती खूण म्हणजे पहिला टप्पा झाला एवढेच. लॅपटॉपवरून ड्राइव्हवर जायचे अजून बाकी असू शकते.

कार्ड रीडरमध्ये घाला आणि चार गोष्टी बघा. कार्डावरच्या फाइलींची संख्या आणि दूरच्या फोल्डरातली संख्या जुळते का. दोन्हीकडचे एकूण आकारमान बाइटपर्यंत जुळते का. संख्या जुळून आकार कमी असेल तर अर्धवट फाइली आहेत किंवा मधल्या ॲपने फोटो दाबले आहेत. दूरच्या फोल्डरची यादी आकारानुसार लावून सर्वांत लहान फाइली उघडा, अर्धवट राहिलेल्या तिथेच सापडतात. आणि रॉ गेले आहेत का? ‘फक्त जेपेग’ लावलेले असेल तर रॉ अजून कार्डावरच आहेत, दुसरीकडे कुठेही नाहीत.

एवढे झाले तरी एक प्रत क्लाउडवर आणि एक घरच्या डिस्कवर असल्याशिवाय फॉरमॅट नको. क्लाउडशी सिंक केलेले फोल्डर ही वेगळी प्रत धरू नका. लॅपटॉपवर चुकून पुसले की तिकडेही पुसले जाते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ते ३० दिवस मिळते, गूगल फोटोजवर चढवलेले असेल तर ६० दिवस. फॉरमॅट करायचेच तेव्हा कॅमेऱ्यातच करा, आणि त्याआधी रांगेत काही उरले आहे का ते एफटीपीच्या पानावर पाहा.